सोनवणेबाईंचा फंड

औषधांच्या दुकानात आपण चिठ्ठी देतो, समोरचा माणूस ती एका नजरेत वाचतो आणि मागच्या कपाटाकडं वळतो. सोनवणेबाई वळायच्या नाहीत. त्या चिठ्ठी काउंटरवर सपाट ठेवायच्या, तळहातानं तिच्या घड्या मोडायच्या आणि पेशंटच्या नावापासून डॉक्टरांच्या सहीपर्यंत सगळी वाचायच्या. मग चष्म्यावरून पाहत विचारायच्या, "दुसरं काय चालू आहे?"

हा प्रश्न त्या प्रत्येकाला विचारत. पेठ-सुरगाण्याकडून आलेली म्हातारी असो, नाहीतर ट्रस्टींची सून असो. पुष्कळांना तो कळायचाच नाही. मग बाई समजावून सांगायच्या, की दुसऱ्या डॉक्टरचं काही, वैदूचं काही, शेजारणीनं दिलेली एखादी गोळी, जे काही पोटात जात असेल ते सांगा. ते कळल्याशिवाय औषध हातात पडत नसे. मागं लाइन वाढायची, लोक कुरकुरायचे, आणि मी शेजारच्या खिडकीत भराभर चिठ्ठ्या उरकत मनात म्हणायचो, या बाईंमुळं आपल्यावर ताण पडतो.

सोळा वर्षं मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. पंचवटीत एका ट्रस्टचा दवाखाना होता, त्याच्या औषध विभागात आम्ही पाच फार्मासिस्ट. मी लागलो एक्याण्णव साली. त्याआधी अंबडच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला होतो; लग्न झालं, पाळ्या नकोशा झाल्या, म्हणून ही नोकरी धरली. बाई तेव्हा चाळिशीच्या. कमल सोनवणे, मूळच्या सायखेड्याच्या. उंच, रुंद खांद्यांच्या, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. घरून धुऊन, इस्त्री करून आणलेला पांढरा कोट सगळ्या दवाखान्यात त्यांचाच असायचा; आमचे आठवडाभर खुंटीवर लटकत. लिहिता-वाचता न येणाऱ्या पेशंटच्या पाकिटावर त्या पेन्सिलीनं भाकरी काढत. भाकरीच्या आधी फुली असली तर उपाशीपोटी, नंतर असली तर जेवून. काढून झालं की म्हणायच्या, "आता तू मला सांग, कशी घेणार." समोरच्यानं नीट सांगितलं की पाकीट त्याच्या हातात.

घरी त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ दत्तू, दोघंच. विसाव्या वर्षी दत्तूला मनाचा आजार झाला. त्याला कानात आवाज येत. रोजच्या गोळ्या वेळेवर गेल्या की तो शांत असे, अंगण झाडी, पाणी भरी, बाई यायच्या वेळेला दारात येऊन बसे. दोन दिवस गोळ्या चुकल्या की चप्पल न घालता गोदाकाठानं चालत सुटे आणि कुठंतरी चांदोरीच्या पुढं सापडे. आई-वडील गेल्यावर बाईंनी त्याला सायखेड्याहून आणलं आणि हिरावाडीत दोन खोल्या घेतल्या. त्यांना एक स्थळ आलं होतं म्हणे, ओझरच्या कारखान्यातलं. माणूस तयार होता, पण दत्तूनं गावी राहावं अशी अट होती. ते लग्न झालं नाही. त्याबद्दल बाई एवढंच म्हणायच्या, "माणूस चांगला होता. माझं दुसरं काय चालू आहे ते मी त्याला आधीच सांगितलं, इतकंच."

मी लागल्यावर सहा-सात महिन्यांनी घडलेली एक गोष्ट सांगतो. एक गृहस्थ आईची चिठ्ठी घेऊन आले. चिठ्ठी आमच्याकडच्या सगळ्यांत मोठ्या डॉक्टरांची, आणि त्यांच्या अक्षराबद्दल बोलायची कोणाची छाती नव्हती. मला ते साखरेच्या गोळीचं नाव दिसलं. मी गोळ्या काढून काउंटरवर ठेवल्याही होत्या. बाईंनी सहज म्हणून चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, वाचली आणि त्या गृहस्थांना विचारलं, आईला साखर आहे का. ते म्हणाले, छे, गुडघे धरलेत.

बाई काउंटरची फळी उचलून बाहेर आल्या आणि लाइन तशीच ठेवून सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग दारापर्यंत गेलो. डॉक्टर चिडले होते. माझ्या चिठ्ठीवर शंका घेणारी तू कोण, असं काहीतरी म्हणाले. बाईंचा आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, "सर, तुमचं निदान बरोबरच असणार. मला फक्त दुसरं अक्षर सांगा. ए आहे का ओ?" डॉक्टरांनी चिठ्ठीकडं पाहिलं आणि नाव पुन्हा मोठ्या अक्षरात लिहून दिलं. ते सांधेदुखीचं औषध होतं. परत आल्यावर बाईंनी लाइन पुढं चालू केली. सुट्टी झाल्यावर कोट घडी करताना म्हणाल्या, "विलास, वाचता आलं नाही ते देऊ नये. आणि वाचता आलं पण कळलं नाही, तरी देऊ नये."

ही गोष्ट सबंध दवाखान्यात मीच पसरवली, मोठ्या कौतुकानं. त्या गोळ्या काढून ठेवणारा मी होतो, तेवढं वगळून.

पुढच्याच वर्षी शेअर बाजार असा काही वर चालला होता, की आमच्याकडं वॉर्डबॉयपासून एक्स-रेवाल्यापर्यंत सगळे त्यातच. जेवणाच्या सुट्टीत डबे बाजूला सारून आम्ही नव्या कंपन्यांचे फॉर्म भरत असू. मी एक फॉर्म बाईंनाही दिला. दोन दिवस घरी नेऊन त्यांनी तो वाचला आणि परत आणून दिला. म्हणाल्या, ही कंपनी बनवते काय ते यात तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलंय, मला कळलं नाही. मी हसलो. काही महिन्यांत बाजार कोसळला. सुनंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, पाटल्या मोडून मी घेतलेले कागद नुसते कागद होऊन बसले, आणि ती कंपनी तर पुढं तिच्या पत्त्यावर सापडलीच नाही. मी सांगितलं होतं, असं बाई कधी म्हणाल्या नाहीत. त्या दिवसांत त्यांच्या डब्यात एक भाकरी जास्त असायची. माझ्या घरी भांडण चालू आहे आणि मी डब्याशिवाय येतो, हे त्यांनी न विचारता ओळखलं होतं.

त्यांचे स्वतःचे पैसे पोस्टात. पगार झाला की पंचवटीच्या पोस्टात जाऊन त्या काहीबाही भरायच्या, कधी रिकरिंग, कधी विकासपत्रं. ते सगळं दत्तूसाठी होतं. "माझ्यामागं त्याच्या गोळ्या चुकायला नकोत," हे त्यांच्या सगळ्या हिशेबाचं एकच वाक्य. आणि महागाई मोजायची त्यांची स्वतःची रीत होती. दर जानेवारीत दत्तूच्या गोळ्यांची एक रिकामी पट्टी त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकून ठेवत. पट्टीवर किंमत छापलेली असतेच. पेपरात महागाईचा आकडा आला, की त्या म्हणायच्या, सरकारचा आकडा सरकारला लखलाभ, माझा आकडा माझ्या डब्यात आहे.

अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला ट्रस्टनं औषध विभागात कॉम्प्युटर आणला. बाई आता भांडणार, अशी आम्हां सगळ्यांची खात्री. त्यांनी कॉलेज रोडवरच्या एका क्लासात नाव घातलं, स्वतःचे पैसे भरून, सत्तेचाळिसाव्या वर्षी. अकरावी-बारावीच्या पोरींच्या मधे बसून त्या शिकल्या. टाइप मात्र शेवटपर्यंत एकाच बोटानं करत. आणि कॉम्प्युटरची चूक धरली ती त्यांनीच. नावाची पहिली तीन अक्षरं टाकली की पडद्यावर यादी यायची, घाईत एक ओळ खाली दाबलं गेलं की भलतंच औषध बिलावर चढायचं. अशा एकमेकांना लागून येणाऱ्या नावांची त्यांनी वहीत यादी केली आणि सॉफ्टवेअरवाला आला तेव्हा त्याच्यापुढं ठेवली. तो पोरगा त्यांच्या पाया पडायचा तेवढा राहिला. मी विचारलं, बाई, तुम्हाला याची भीती नाही का वाटत. त्या म्हणाल्या, "भीती कसली? ते थकत नाही, हे चांगलंच आहे. पण त्याला शंका येत नाही. ती आपण घ्यायची."

मधल्या काळात मी शहाणा झालो होतो, निदान मला तसं वाटत होतं. स्वतः शेअर घेऊन हात पोळले होते, म्हणून मी म्युच्युअल फंडांकडं वळलो, आणि सिंहस्थाच्या वर्षी त्यांची एजन्सीच घेतली. मी नोकरीत, म्हणून पाटी सुनंदाच्या नावाची. दिंडोरी रोडला एक गाळा भाड्यानं घेतला. बाजार पुन्हा चढू लागला होता. दवाखान्यातले लोक, सातपूरचे कामगार, माझे मेहुणे, सगळ्यांचे पैसे मी लावले आणि सगळ्यांचे वाढले. लोक मला रस्त्यात थांबवून सल्ला विचारू लागले. माणसाला याची फार लवकर सवय होते.

त्याच सुमाराला मी औषध विभागाचा प्रमुख झालो. ती जागा खरं तर बाईंची होती. त्यांनी ती नको म्हटलं. प्रमुखाला उशिरापर्यंत थांबावं लागे आणि दत्तू दारात बसून राही.

सात साली ट्रस्टला एका देणगीदारानं यंत्र दिलं. वॉर्डातल्या पेशंटच्या गोळ्या कॉम्प्युटरवरून ओळखून, एकेका वेळेच्या गोळ्या एकेका पाकिटात आपोआप भरणारं, नाव छापणारं यंत्र. कपाटाएवढं. ते आलं आणि पंधरा दिवसांत नव्या प्रशासकांनी मला बोलावलं. आता पाच माणसं कशाला, तीन पुरतील, म्हणाले. एक जण त्या वर्षी निवृत्त होणारच होता. दुसरं नाव मी सुचवायचं होतं. त्याला स्वेच्छानिवृत्ती देणार, वर एकरकमी पैसे देणार.

मी सोनवणेबाईंचं नाव सांगितलं.

कारण विचारलं असतं तर माझ्याकडं तयार होतं. सगळ्यांत जास्त पगार त्यांचा, वय छपन्न, उरलेल्या दोघी नव्या आणि कच्च्याबच्च्यांच्या. हे सगळं खरं होतं. पण प्रशासकांच्या खोलीतून बाहेर पडायच्या आधीच माझ्या डोक्यात दुसरा विचार येऊन गेला होता, तो आजपर्यंत मी सुनंदालाही सांगितलेला नाही. बाईंचा फंड, ग्रॅच्युइटी आणि ही वरची रक्कम एकदम हातात येणार होती. त्या वर्षी एका फंड कंपनीनं एजंटांसाठी सिंगापूरची सहल ठेवली होती, आणि आमचं टार्गेट थोडक्यासाठी अडलं होतं.

बाईंना मीच सांगितलं. चहाच्या वेळी, यंत्राच्या खोलीत. त्यांनी यंत्रातून पडलेलं एक पाकीट उचलून वरचं नाव वाचलं. मग विचारलं, "ही पाकिटं तपासणार कोण?"

मी म्हटलं, मी तपासेन.

"रोज?"

"रोज."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. ती पाकिटं मी पंधरा दिवस तपासली असतील.

त्यांचे पैसे आले त्या आठवड्यात मी फॉर्म घेऊन हिरावाडीला गेलो. दुपारची वेळ होती. दत्तूनं मला पाणी आणून दिलं आणि कोपऱ्यात मांडी घालून बसला. बाई म्हणाल्या, पोस्टात ज्येष्ठांची योजना आहे, स्वेच्छानिवृत्तीवाल्यांना साठीच्या आधीही घेतात, चौकशी करून आलेय, व्याजही बरं आहे. मी म्हटलं, तुमचा तो डबा आणा बघू.

त्यांनी पत्र्याचा डबा आणला. मी सगळ्या पट्ट्या सतरंजीवर सालवार मांडल्या. पहिल्या पट्टीची किंमत, शेवटच्या पट्टीची किंमत. मग पोस्टाचं व्याज, तेव्हाचं आणि आताचं. तेव्हा बारा टक्के मिळायचं, आता आठ-नऊवर आलेलं. मी म्हटलं, बाई, तुम्हीच हे मोजून ठेवलंय. पैसे पोस्टात ठेवलेत तर दत्तूच्या गोळ्या तुमच्या व्याजाच्या पुढं पळतील. तुमच्यामागं पंचवीस वर्षं त्याला पुरवायचं तर पैसा वाढणाऱ्या जागी हवा.

यात खोटं एकही वाक्य नव्हतं. त्याचीच मला आज जास्त लाज वाटते. खोटं बोललो असतो तर बाईंनी पकडलं असतं. अक्षर ओळखायची त्यांना सवय होती. सोळा वर्षं त्यांनी साठवलेल्या खऱ्या गोष्टी मी त्यांच्याच पुढं मांडल्या आणि मला हव्या त्या बाजूला त्यांना नेलं.

त्यांनी भिंग घेऊन फॉर्म वाचायला सुरुवात केली. जोखमीच्या ओळीवर थांबल्या. "हे इतक्या बारीक अक्षरात का?"

मी म्हटलं, कायद्यानं लिहावं लागतं, सगळ्यांच्यावर असतं.

"चार दिवस ठेवून जा. वाचते."

चार दिवस माझ्याकडं नव्हते. टार्गेटची तारीख परवाची होती. मी म्हटलं, नवी योजना आहे, दहा रुपयांना युनिट मिळतंय, परवा बंद होईल. दहा रुपयांचं युनिट म्हणजे स्वस्त, असं काही नसतं. हे मला पक्कं माहीत होतं.

बाईंनी फॉर्म खाली ठेवला. कोपऱ्यातल्या दत्तूकडं पाहिलं. निम्मे पोस्टात ठेवू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मग ते निम्मे महागाईच खाणार. त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल चाचपली, मग माझं पेन घेतलं. "मला यातलं सगळं कळलेलं नाही, विलास. तू म्हणतोस म्हणून करते," म्हणाल्या आणि सह्या केल्या. दवाखान्यात एवढी वर्षं त्यांना पाहिलं, न कळलेल्या गोष्टीवर त्यांनी हात ठेवलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

आम्ही सिंगापूरला गेलो. सुनंदानं तिथून एक टॉवेलांचा सेट आणला आणि मला म्हणाली, हा सोनवणेबाईंना दे. मी दिला. त्यांनी दोनदा धन्यवाद दिले.

आठ साल उजाडलं आणि जानेवारीतच बाजारानं पहिला गोता खाल्ला. मग थोडा वर, मग पुन्हा खाली. दिवाळीपर्यंत लोकांचे पैसे अर्ध्यावर आले होते. गॅस, डाळी, तेल सगळं वर चाललेलं आणि लोकांचे कागद खाली. गाळ्यावरचा फोन मी उचलेनासा झालो. ज्यांचा उचलायचो त्यांना एकच सांगायचो, थांबा, आता काढू नका, वर येईल. मी माझे स्वतःचेही काढले नाहीत. हे मी कुठंही सांगताना आवर्जून सांगतो, जणू त्यानं काही सुटतं. मला थांबणं परवडत होतं. पगार चालू होता.

बाई महिन्यातून एकदा फोन करत. पैशांचं विचारत नसत. यंत्र कसं चाललंय, त्या दोघी पोरी रुळल्या का, असं विचारत आणि ठेवून देत. दोन-तीनदा मी घरात असून सुनंदाला 'नाहीत' म्हणायला लावलं.

नऊ सालच्या फेब्रुवारीत दत्तू न्हाणीत घसरून पडला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन खाजगीत करावं लागलं, मग जखम चिघळली, दुसरं ऑपरेशन. बाईंच्या हाताशी होते ते आठवड्यात संपले. एका सकाळी त्या गाळ्यावर आल्या. पायऱ्या चढून आल्यानं धाप लागली होती. त्यांना सगळे पैसे काढायचे होते.

मी पडद्यावर आजचा भाव काढला आणि पडदा त्यांच्याकडं वळवला. तोंडानं सांगायचा धीर मला झाला नाही. त्यांनी चष्मा बदलून तो आकडा पाहिला. मी म्हणालो, बाई, वर्षभर थांबता आलं तर नक्की वर येईल, आत्ता काढणं म्हणजे नुकसान पक्कं करणं.

"दत्तूचं हाड वर्षभर थांबेल का?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. खरंच विचारल्यासारखं विचारलं.

मी फॉर्म काढला. त्यांनी सही केली. मग पेन परत न देता तशाच बसून राहिल्या.

"एक विचारू, विलास? आपल्या खिडकीत येणाऱ्या माणसाला आपण काय विचारायचो?"

मला उत्तर येत होतं. मी फॉर्मवरची सही तपासू लागलो.

"मला तू विचारलं नाहीस. पैसे कधी लागतील, मधेच काही निघालं तर दुसरं काय आहे, काहीच विचारलं नाहीस. तुला तर घरचं सगळं माहीत होतं." मग म्हणाल्या, "चूक माझीही आहे. यात तुला काय मिळतं, हे मी विचारायला हवं होतं. मनात आलं होतं त्या दिवशी. पण तुला असं विचारायची मला लाज वाटली."

त्यांना लाज वाटली होती. सह्या घेताना मला वाटली नव्हती. गाळ्यात तेव्हा आणखी दोन जण बसले होते, आणि माझ्या मनात त्या क्षणी काय आलं असेल? यांनी हे ऐकलं तर माझ्या धंद्याचं काय, हे आलं. मी उठून पंखा वाढवला. आवाज व्हावा म्हणून.

बाईंनी पेन टेबलावर ठेवलं आणि पायऱ्या उतरून गेल्या. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायलाही गेलो नाही.

मार्च संपता संपता बाजार फिरला. त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत ज्यांनी काढले नाहीत त्यांचे बरेचसे भरून आले, माझेही. मी गाडी घेतली. लोक पुन्हा गाळ्यावर येऊ लागले आणि मी त्यांना धीर धरायचं महत्त्व सांगू लागलो. उदाहरण म्हणून एकदा मी, नाव न घेता, घाबरून तळाला पैसे काढणाऱ्या एका बाईंची गोष्ट सांगितली. त्या घाबरल्या नव्हत्या. हे मला माहीत होतं, आणि तरी मी तसं सांगितलं.

दवाखान्यातल्या एका नर्सकडून कळलं, की बाई नाशिकरोडला एका लहानशा मेडिकलमध्ये लागल्या आहेत. सकाळी नऊ ते सहा, उभ्यानं, अठ्ठावन्नाव्या वर्षी. तिथला मालक कुरकुरतो म्हणे, की बाई गिऱ्हाइकाला फार प्रश्न विचारतात. मी दोनदा तिकडं जायला निघालो. एकदा बिटको चौकापर्यंत गेलोही आणि मिठाईचा पुडा घेऊन परत आलो. घरी सांगितलं, मुलीसाठी आणला. पुढं काही वर्षांनी बाई गेल्या तेही मला उशिरा, तिऱ्हाइताकडून कळलं. दत्तूला सायखेड्याच्या चुलत भावांनी नेलं, एवढंच समजलं. तिथं त्याच्या गोळ्या वेळेवर जातात का, हे मी कोणाला विचारलं नाही. उत्तर आलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच नऊ सालच्या डिसेंबरात, द्वारकेच्या सिग्नलला. रविवारची सकाळ होती. नवी गाडी, शेजारी सुनंदा, मागं मुलगी. आम्ही कोणाच्या तरी साखरपुड्याला निघालो होतो. सिग्नल लाल लागला आणि माझी गाडी अगदी पुढं उभी राहिली.

समोरून बाई रस्ता ओलांडत होत्या. एका हातानं दत्तूचा दंड धरलेला. दत्तूच्या हातात काठी होती, तो एक पाय ओढत होता आणि प्रत्येक पावलाला थांबत होता. अर्ध्यावर आले असतील, तोवर सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. बाईंनी मोकळा हात वर करून आम्हाला थांबवलं, आणि तसं करताना काचेतून त्यांना मी दिसलो.

त्या हसल्या. अगदी ओळखीचं, खिडकीतलं हसू. दत्तूच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाल्या आणि माझ्याकडं बोट दाखवलं. दत्तू माझ्या गाडीकडं पाहू लागला आणि चालायचा थांबला.

मी मान खाली घातली आणि रेडिओचं बटण फिरवू लागलो. मान वर केली तेव्हा दोघं दुभाजकापाशी पोचले होते. मी माझ्या बाजूची काच वर केली आणि गाडी काढली.

पूल ओलांडल्यावर मागून मुलगी म्हणाली, "बाबा, त्या आजी तुमच्याकडं बघून हसल्या. कोण होत्या?"

"असतील कोणी," मी म्हणालो. "दवाखान्यातल्या पेशंट असतील."

सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. मग तिनंही काच वर केली.